ठरलेल्या रकमेत महिन्याचा स्वयंपाक कसा बसवावा

बहुतेक घरांत महिन्याचे सामान पगार झाल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत भरले जाते, त्याचे बिलही साधारण अपेक्षेइतकेच येते, आणि तरीही बावीस तारखेच्या सुमारास असे लक्षात येते की डब्यांत तूरडाळ, गहू, तांदूळ सगळे शिल्लक आहे आणि खर्चासाठी बाजूला काढलेले पैसे मात्र संपले आहेत. आमच्याकडे हे सलग काही महिने घडल्यावर मी खर्चाची वही आणि फोनवरून केलेल्या देण्यांची यादी शेजारी ठेवून तपासली. वाण्याचे बिल दर महिन्याला जवळपास सारखेच होते. फरक पडत होता तो संध्याकाळी सातच्या सुमारास केलेल्या लहान लहान खरेद्यांनी. कामावरून आल्यावर भाजी निवडलेली नसायची, कडधान्य भिजवलेले नसायचे, आणि मग कधी पनीर, कधी पाव-लोणी, कधी सरळ बाहेरचे जेवण येत असे. त्यामुळे किराण्याचे अंदाजपत्रक सांभाळायचे असेल, तर यादी करण्याआधी आठवड्याच्या जेवणाची आखणी करावी लागते, हे मला उशिरा पण पक्के कळले. ती आखणी आम्ही कशी करतो ते पुढे सांगते. उदाहरण आमच्याच घरचे आहे: पुण्याच्या उपनगरात राहणारी चार माणसे, म्हणजे आम्ही दोघे नोकरी करणारे, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई, सकाळी तीन डबे भरायचे आणि सासूबाईंचे दुपारचे जेवण घरी.

सुरुवात रकमेपासून करावी, पण मनाला येईल तो आकडा धरू नये. मागच्या तीन महिन्यांत खाण्यापिण्यावर खरोखर किती गेले ते काढावे, त्यातून साबण, कपडे धुण्याची पावडर आणि फिनेल वगळावे, सरासरी घ्यावी आणि पहिल्या महिन्यात तिच्या फार तर दहा टक्के खाली जावे. आमची सरासरी १५,५०० रुपये होती, म्हणून १४,००० ठरवले. एकदम दहा हजार ठरवणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. त्यांचा निग्रह दुसऱ्या शनिवारपर्यंत टिकतो.

ही रक्कम एकाच ढिगात ठेवली तर ती कशावर संपली ते कळत नाही, म्हणून तिचे भाग पाडावेत. आमचे भाग असे आहेत: कोरडे सामान ५,६००, दूध २,७००, भाजी आणि फळे ३,९००, अंडी-पाव-चिकन १,००० आणि राखीव ८००. यातला भाजीचा आकडा दिवसाला १३० रुपये या हिशोबाने काढला आहे, आणि तो तसाच काढावा. महिन्याचे चार आठवडे धरून दर आठवड्याला एक रक्कम ठरवणारा माणूस शेवटच्या दोन-तीन दिवसांत हमखास अडकतो, कारण फेब्रुवारी सोडला तर कोणताही महिना अठ्ठावीस दिवसांचा नसतो. मी तीस दिवसांच्या महिन्याची चार पाकिटे करते: १ ते ७ तारखेसाठी ९१० रुपये, ८ ते १५ साठी १,०४०, १६ ते २३ साठी १,०४० आणि २४ ते ३० साठी ९१०. पैसे रोख ठेवायचे की वेगळ्या खात्यात, हे आपापल्या सवयीवर सोडावे. माझा अनुभव असा की मंडईत रोख रकमेचे पाकीट नेले की हात आपोआप आखडतो, आणि फोनने पैसे दिले की दहाची कोथिंबीर, वीसची मिरची असे करत शंभर रुपये कुठे गेले ते आठवत नाही.

रेशनवर धान्य मिळत असेल तर ते हिशोबात सर्वांत आधी धरावे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. ते घरी आल्यावर, कोरड्या सामानाच्या यादीतून तेवढे किलो प्रत्यक्ष खोडल्याशिवाय त्या धान्याचा उपयोग अंदाजपत्रकाला होत नाही. ते नुसते पिंपात साचत राहते.

आता मुख्य काम, म्हणजे आठवड्याची चौकट. इथे बहुतेकांची एक चूक होते: ते सोमवारी मेथी, मंगळवारी भेंडी अशी पदार्थांची नावे लिहितात, मंडईत मेथीची जुडी नेमकी चाळीस रुपयांची निघते, आणि मग एक तर महाग मेथी घेतली जाते किंवा कागद फाडला जातो. चौकटीत पदार्थाचे नाव न लिहिता प्रकार लिहावा. ‘पालेभाजी’ एवढेच लिहिले की त्या दिवशी जी स्वस्त आणि ताजी असेल ती घेता येते, मग ती पालक असो, चाकवत असो की शेपू असो (शेपूच्या बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत, पण तो वेगळा विषय आहे).

आमची मंडई रविवारी सकाळी होते, म्हणून आठवडा रविवारपासून सुरू होतो. रविवारी दुपारी चिकन किंवा अंडी, रात्री मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी. सोमवारी डब्याला पालेभाजी, रात्री भाकरी, पातळ पालेभाजी आणि भात. मंगळवारी डब्याला भेंडी किंवा तत्सम नाजूक फळभाजी, रात्री भाकरी आणि मोडाची उसळ. बुधवारी डब्याला गवार, घेवडा यांपैकी काही, रात्री पिठले-भाकरी. गुरुवारी डब्याला फ्लॉवर किंवा सिमला मिरची, रात्री पोळी, दुधी अथवा लाल भोपळा, वरण-भात. शुक्रवारी डब्याला कोबी, रात्री पोळी आणि छोले, राजमा, काळे वाटाणे यांपैकी एक. शनिवारी बटाटा, आणि रात्री थालीपीठ. आठवडाभरात उरलेली अर्धी गाजरे, कोबीचा तुकडा, पालकाची चार पाने, सगळे किसून-चिरून त्यात जाते. म्हणजे रात्रीच्या सात जेवणांपैकी तीन भाकरीची, दोन पोळीची आणि दोन एकाच पदार्थात भागणारी.

ही चौकट पाहताना एक गोष्ट ध्यानात येईल की नासणारे आधी आणि टिकणारे नंतर असा तिचा क्रम आहे. पालेभाजी सोमवारी संपते, भेंडी मंगळवारी, आणि दुधी, कोबी, बटाटा यांच्यावर आठवड्याचा उत्तरार्ध निघतो. हा क्रम उलटा झाला की शुक्रवारी फ्रिजच्या तळाशी काळी पडलेली मेथी सापडते, आणि ती फेकताना तिच्याबरोबर बुधवारी नव्याने आणलेल्या भाजीचेही पैसे वाया गेलेले असतात.

चौकट फ्रिजवर चिकटवून भागत नाही. प्रत्येक दिवसाची एक आदल्या रात्रीची तयारी असते आणि खरी मदार तिच्यावर आहे. मंगळवारच्या उसळीसाठी मटकी रविवारी रात्री झोपण्यापूर्वी भिजत घालावी लागते, सोमवारी सकाळी उपसून कापडात बांधावी लागते, आणि थंडीत तिला मंगळवार संध्याकाळपर्यंतचा सगळा वेळ लागतो. उन्हाळ्यात मोड लवकर येतात, तेव्हा सोमवारी रात्रीच पुरचुंडी फ्रिजमध्ये ठेवावी, नाही तर वास येतो. चौघांना एका वेळेला २०० ग्रॅम कोरडी मटकी पुरते, भिजून मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त होते. छोले गुरुवारी रात्री भिजत टाकायचे. ही दोन ‘भिजत घालणे’ मी मुलीच्या शाळेच्या घंटेसारखी फोनमध्ये गजर लावून पाळते, आणि याची मला मुळीच लाज वाटत नाही.

चौकट तयार झाली की महिन्याची यादी तिच्यातून मोजून काढता येते. इतकी वर्षे मी सवयीने ‘गहू १५ किलो, तूरडाळ ४ किलो’ असे सांगत आले होते. मोजल्यावर चित्र वेगळे निघाले. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. सकाळी दहा पोळ्या रोज, म्हणजे महिन्याला ३००, आणि पोळीच्या सुमारे नऊ रात्री प्रत्येकी आठ, म्हणजे आणखी ७२. एकूण ३७० च्या आसपास पोळ्यांना ११ किलो गहू पुरतात. भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ धरले, तर तेरा रात्रींच्या पासष्ट भाकऱ्यांना ५ किलो ज्वारी. तूरडाळ आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी १०० ग्रॅम, म्हणून सव्वादोन किलो. उरलेल्या दिवशी कढी, पिठले किंवा उसळ असल्यामुळे वेगळी आमटी लागत नाही. आपल्या घरच्या पोळीचा आकार आणि वाटीचे माप वेगळे असणार, त्यामुळे माझे आकडे उचलू नयेत. एकदा वजनकाटा घेऊन आपली रोजची वाटीभर डाळ, वाटीभर तांदूळ आणि एका वेळची कणीक तोलावी, तो आकडा डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पडताळून पाहावा.

तेलाचा हिशोब याहून निसटता असतो, कारण ते आपण मोजून कधीच वापरत नाही. आम्ही महिन्याला ३ लिटर धरले, म्हणजे दिवसाला १०० मिलिलिटर. रविवारी एका बाटलीत ७०० मिलिलिटर तेल ओतायचे आणि आठवडाभर त्याच बाटलीतून वापरायचे. गुरुवारी बाटली पाऊण रिकामी दिसली की शुक्रवारची फोडणी आपोआप हलकी होते. पुऱ्या किंवा भजी करायची असतील तर तेवढे तेल राखीव पैशांतून वेगळे आणावे, नेहमीच्या बाटलीला हात लावू नये.

वाण्याकडे जाण्याआधी सगळे डबे खाली काढून पाहावेत, आणि हे काम यादी हातात घेऊन करावे. मागच्या पावसाळ्यात एका मोठ्या दुकानात रव्याच्या एका पाकिटावर एक मोफत होते, म्हणून मी दोन आणली. घरी मागच्या फळीवर आणखी एक अर्धे पाकीट होते ते मला माहीतच नव्हते. महिनाभराने त्या मोफतच्या पाकिटात जाळी धरली, चाळून पाहिले तर अळ्या निघाल्या, आणि तो सगळा रवा टाकावा लागला. रवा, मैदा आणि बेसन पावसाळ्यात महिन्याभराच्या वर ठेवू नये. शेंगदाणेही एकदम दोन किलो न आणता एक किलो आणावेत, कारण खवट झालेल्या दाण्यांचे कूट सगळी भाजी बिघडवते.

खरेदी करताना भाव पाकिटाचा पाहू नये, वजनाचा पाहावा. वेष्टनावर छापील किमतीच्या जवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो. तो बारीक अक्षरात असला तरी दोन पाकिटांची तुलना त्यानेच करता येते, कारण आता एकाच वस्तूची पाकिटे ५००, ४५०, ४०० अशा कोणत्याही वजनांत मिळतात आणि शेजारी ठेवली तर सारखीच दिसतात. तेलात ही गफलत सर्वांत जास्त होते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे ‘१५ किलो’चा डबा आणि ‘१५ लिटर’चा डबा यांत तब्बल सव्वा किलोच्या वर तेलाचा फरक असतो, आणि स्वस्त वाटणारा डबा पुष्कळदा लिटरचा असतो.

धान्य आणि डाळी सुट्या घ्याव्यात की बंद पाकिटात, याचे उत्तर वाण्यावर अवलंबून आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटांतील धान्य, डाळी आणि पिठांवर ५ टक्के जीएसटी लागतो, पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या मालावर लागत नाही. माल स्वच्छ ठेवणारा, डाळ हातावर घेऊन दाखवणारा वाणी असेल तर सुटेच परवडते. नसेल तर निवडण्यात जाणारा वेळ आणि टाकावे लागणारे खडे-काड्या यांत ते पाच टक्के निघून जातात. मी तूर, मूग, चणाडाळ आणि कडधान्ये सुटी घेते. बेसन मात्र घरचीच चणाडाळ दळून आणते.

फोनवरून दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या सेवांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. त्या वाईट नाहीत, अडीनडीला उपयोगी पडतात. पण पोहोचवण्याचे पंचवीस रुपये वाचवण्यासाठी शंभर-दीडशे रुपयांचे नको असलेले सामान टोपलीत टाकण्याची सवय त्यांनीच लावली. आमच्या घरात नियम असा आहे की वस्तू संपली म्हणून लगेच मागवायची नाही. फ्रिजवरच्या कागदावर लिहायची, आणि दोन दिवसांनीही ती लागतेच आहे असे दिसले तर कोपऱ्यावरून आणायची. चहाची पावडर हा या नियमाला एकमेव अपवाद आहे.

साल भरण्याची पद्धत ज्यांच्या घरी जागा आहे त्यांना अजूनही परवडते. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, नवी तूर त्याच्या थोडी आधी, आणि मसाल्याच्या मिरच्या उन्हाच्या सुरुवातीला. महिन्याला ११ किलो लागत असतील तर वर्षाला गहू १३५ किलोच्या आसपास, दीड क्विंटलला थोडे कमी. मात्र ही खरेदी एप्रिलच्या अंदाजपत्रकात ढकलली तर तो महिना कोसळतो आणि मेपासून खर्च खोटाच कमी दिसू लागतो. वर्षाच्या धान्याला दिलेली रक्कम बाराने भागावी, दर महिन्याच्या कोरड्या सामानातून तेवढी वजा करून बाजूला टाकत जावी, म्हणजे पुढच्या एप्रिलला पैसे तयार असतात. कांद्याचेही असेच. रब्बीचा उन्हाळी कांदा टिकाऊ असतो, तो मार्च ते मेमध्ये निघतो. शेतकऱ्यांच्या कांदाचाळीत साठवलेला माल संपत आला आणि खरिपाचा कांदा पावसाने लांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाव चढतात. मेमध्ये दहा-पंधरा किलो कांदा घेऊन वारा लागेल अशा कोपऱ्यात पसरून ठेवला, बटाट्यांच्या जवळ ठेवला नाही, आणि आठवड्याला एकदा हात फिरवून मऊ पडलेले आधी वापरले, तर निम्मा पावसाळा निघतो.

भाजीबाबत खरे कौशल्य पर्याय माहीत असण्यात आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो अनेक शहरांत किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला होता, आणि त्या महिन्यात आमच्या सासूबाईंनी एकही टोमॅटो न आणता सगळा स्वयंपाक निभावला. आमटीत आमसूल आणि गूळ, छोल्यांत चिंचेचा कोळ, भाजीच्या रश्श्यात ताक किंवा दही. त्यांच्या मते टोमॅटो ही मुळात सवय आहे, गरज नव्हे, आणि गोड्या मसाल्याच्या आमटीत तर तो अनाहूत पाहुणा आहे. लिंबू एप्रिल-मेमध्ये महागते तेव्हा पुन्हा आमसूल. खोबरे महागले की दाण्याचे, तिळाचे किंवा जवसाचे कूट. कोथिंबीर मुसळधार पावसात आणि भर उन्हात परवडेनाशी होते. तेव्हा ती सरळ वगळावी, कढीपत्ता जास्त घालावा. कांदा महाग असेल तेव्हा आठवड्यातली रश्श्याची भाजी कमी करून कोबी, दुधी, पडवळ अशा बिनकांद्याच्या भाज्या चौकटीत सरकवाव्यात. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांना हे शिकवावे लागत नाही.

भावाची तुलना ताटातल्या भाजीवर करावी. मेथीची जुडी निवडल्यावर काड्या आणि मुळे जाऊन निम्मीच उरते, मटाराच्या शेंगांतून निम्म्याहून कमी दाणे निघतात, आणि दुधीत मात्र सालीशिवाय फारसे काही जात नाही. दुधीच्या सालीचीही चटणी होते. मटार डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्यावेत, सोलून ठेवावेत आणि इतर महिन्यांत त्यांच्याकडे पाहू नये. मंडईत संध्याकाळी उशिरा, विक्रेते आवरायला लागले की वाटे लावून भाजी स्वस्त देतात. त्या वेळी पालेभाजी घेऊ नये, फळभाजी घ्यावी.

उपासाचे दिवस अंदाजपत्रकात वेगळे मांडावे लागतात. महिन्यात एक संकष्टी आणि दोन एकादश्या धरल्या, आणि घरातली दोन माणसे उपास करत असली, तर साबुदाणा, दाणे, बटाटे, साजूक तूप, दही, केळी यांचा खर्च साध्या वरण-भातापेक्षा निश्चित जास्त होतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. महिना सुरू होताना कालनिर्णय उघडून या तारखा चौकटीवर टाकाव्यात, त्या दिवशीच्या पोळ्या-भाकऱ्या कमी धराव्यात आणि वरीचे तांदूळ-दाण्याची आमटी असा स्वस्त आणि पोटभर पर्याय ठेवावा. मोठ्या सणांसाठी राखीवच्या ८०० पैकी ४०० रुपये दर महिन्याला बाजूला काढावेत. दिवाळीच्या फराळाचे बेसन, पोहे, साखर, तेल आणि तूप त्यातून येते आणि तो महिना इतर महिन्यांसारखाच जातो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. ज्या घरांत जावयाला अनारशांचे वाण देतात तिथे तूप, गूळ, खसखस यांचा खर्च याच राखीवेतून धरावा लागेल, आणि तीस अधिक तीन अनारसे जावयाला द्यायचे म्हणजे घरातल्यांनाही करायचेच, हे गृहीत धरूनच सामान आणावे.

आता पुन्हा संध्याकाळच्या सातकडे येते. केंद्राच्या घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये शहरी भागातील दरडोई मासिक खर्चापैकी सुमारे ४० टक्के अन्नावर झाला, आणि अन्नाच्या सगळ्या गटांत सर्वांत मोठा वाटा, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के, पेये, तयार अन्न आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा होता. दूध आणि भाज्या त्याच्या मागे राहिल्या. घराघरांत हेच चालले आहे. त्यामुळे चौकट कितीही नेटकी असली तरी ती पाळता न येणारे दिवस आधीच धरून ठेवावेत. बैठक लांबते, गाडी उशिरा येते, पाणी जाते. अशा दिवसांसाठी आमच्या घरात तीन पदार्थ ठरलेले आहेत आणि त्यांचे सामान कधीही संपू द्यायचे नाही असा दंडक आहे: पिठले-भात, मुगाची खिचडी आणि अंड्याची भुर्जी. पिठल्याला चौघांना मिळून १०० ग्रॅमच्या आसपास बेसन लागते. कुकरची शिट्टी होईपर्यंत ते तयार होते. बेसनाची बरणी अर्ध्यावर आली की ती यादीत पहिल्या क्रमांकावर जाते. पाहुणे अचानक आले तरी हाच साठा उपयोगी पडतो, फक्त पिठल्याबरोबर ठेचा लागतो.

बाहेरचे जेवण बंद करावे असे माझे म्हणणे नाही. त्याचे पैसे किराण्याच्या १४,००० मधून जाऊ देऊ नयेत, त्याचा वेगळा आकडा असावा. एकाच खात्यातून दोन्ही गेले की बाहेरून मागवलेली बिर्याणी पुढच्या आठवड्याची फळे खाऊन टाकते, आणि मुलांच्या डब्यातले केळे गायब होते.

उरलेल्या अन्नाबद्दल थोडेच सांगते, कारण मराठी घरांना याची शिकवणी नको. शिळ्या पोळ्यांचा फोडणीचा कुस्करा, भाताला फोडणी, उरलेल्या वरणात कणकेच्या चकोल्या, आणि आमटीत भाजणी भिजवून थालीपीठ. उरलेला भात मात्र ओट्यावर रात्रभर ठेवू नये, तास-दीड तासात फ्रिजमध्ये टाकावा. आणि सकाळच्या नाश्त्याला फोडणीची पोळी ठरलेली असेल त्या दिवशी पोह्यांचा डबा उघडू नये. हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे.

वहीत डाव्या पानावर ठरवलेले आणि उजव्या पानावर प्रत्यक्ष झालेले लिहावे. रोज लिहिण्याची गरज नाही, चार पाकिटांच्या चार शेवटच्या तारखा पुरेशा आहेत. एखादे पाकीट वेळेआधी संपले तर पुढच्यातून उचलण्यापूर्वी कारण एका ओळीत लिहावे: ‘पाहुणे’, ‘पनीर दोनदा’, ‘सफरचंदे महाग’. तीन महिन्यांनी त्या ओळी एकत्र वाचल्या की आपला महिना नेमका कुठे फुटतो ते दिसते. आमच्या वहीत ‘पनीर दोनदा’ हा शेरा इतक्या वेळा आला, की शेवटी पनीरच चौकटीत घेतले आणि महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शुक्रवारी छोल्यांच्या जागी ठेवले. तेव्हापासून ते इतर वारी येत नाही.

महिन्याचे शेवटचे तीन दिवस आम्ही डबे रिकामे करण्यासाठी ठेवतो. तळाशी राहिलेली मूठमूठ कडधान्ये एकत्र भिजवून मिसळीची उसळ, उरलेल्या चार प्रकारच्या डाळींचे डोसे किंवा आमटी, संपत आलेल्या दोन-तीन पिठांची धिरडी. डबा रिकामा झाला की तो धुऊन उन्हात वाळवायचा आणि मगच नव्या सामानाने भरायचा, म्हणजे जुन्यातले किडे नव्यात जात नाहीत. तीस तारखेला रात्री सासूबाई ओट्यावर रिकाम्या डब्यांची रांग लावतात, मी त्यांच्याकडे पाहत पुढच्या महिन्याची यादी लिहिते, आणि जे डबे रांगेत आलेले नसतात त्यांतल्या वस्तूंवर यादीत फुली पडते.